'जवळचा सर्व्हर' : एका संज्ञेची चिकित्सा

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क वापरकर्त्याची मागणी 'सर्वांत जवळच्या' सर्व्हरकडे वळविते, असे वर्गात सर्रास सांगितले जाते. ही मांडणी अपुरी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा मुंबईपेक्षा हैदराबादला कितीतरी जवळ. तथापि डीएनएसवर आधारित पद्धतीत नेटवर्कला सहसा वापरकर्त्याचा नव्हे, तर त्याच्या वतीने चौकशी करणाऱ्या रिझॉल्व्हरचा पत्ता दिसतो. रिझॉल्व्हर मुंबईत असल्यास सिरोंच्याचा विद्यार्थीही मुंबईकर ठरतो! २०१६ च्या आरएफसी ७८७१ मध्ये वापरकर्त्याच्या पत्त्याचा काही अंश पुढे कळविण्याची पद्धत नोंदविली आहे, परंतु सर्वच रिझॉल्व्हर ती पाळत नाहीत. एनीकास्टमध्ये तर मार्ग बीजीपी ठरविते. तेथे सेवादात्यांचे परस्पर करार निर्णायक, किलोमीटर नव्हेत. सबब हैदराबादेत नवा सर्व्हर उभारला, पण सेवादात्याची वाहतूक मुंबईमार्गेच राहिली, तर सिरोंच्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.