निषिद्ध शब्दाचे नगर : होप मिर्लीझ यांची ‘लड-इन-द-मिस्ट’

होप मिर्लीझ यांची ‘लड-इन-द-मिस्ट’ ही कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ जवळजवळ विस्मृतीत गेली. १९७० मध्ये अमेरिकेत तिचे पुनर्मुद्रण झाले, तेही लेखिका हयात असताना तिच्या अनुमतीवाचून. त्यानंतर अद्भुतकथेच्या अभ्यासकांनी तिचा पुष्कळ गौरव केला. परंतु तिचे वाचन बहुधा एकाच अंगाने होत राहिले. परीराज्यातील फळ म्हणजे कल्पनाशक्ती, आणि ते निषिद्ध ठरविणारे नगर म्हणजे रूक्ष व्यवहारी समाज. हा अर्थ चुकीचा नव्हे, पण ढोबळ आहे. लडचे दुखणे फळाचे आहे त्याहून अधिक शब्दाचे आहे.

डोरिमेअर देशाची लड ही राजधानी दोन नद्यांच्या संगमावर वसली आहे. डॉल ही व्यापाराची मोठी नदी. डॅपल ही लहानशी, आणि तिचा उगम परीराज्यात. पूर्वी येथे ड्यूकांची सत्ता होती आणि परीफळाला धर्माची प्रतिष्ठा होती. शेवटचा ड्यूक ऑब्रे कुबडा, रूपवान, काव्यप्रिय आणि क्रूर. व्यापारी वर्गाने उठाव करून त्याची सत्ता उलथून टाकली, ड्यूक नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी कायदा आला. नव्या राज्यकर्त्यांनी फळावर बंदी घातली एवढेच नव्हे, तर त्याचा उच्चारही असभ्य ठरविला. एखाद्यास परीची संतती म्हणणे ही लडमधील सर्वांत घोर शिवी होय.

मग न्यायालयाने काय करावे? ज्याचे नाव घ्यावयाचे नाही त्याच्या चोरट्या आयातीचा खटला चालवावा कसा? यावर लडच्या विधिज्ञांनी काढलेली तोड हा या कादंबरीतील सर्वांत मार्मिक भाग आहे. कायद्याच्या दृष्टीने परीफळ हे रेशमी वस्त्र ठरते. साक्षी, आरोप, शिक्षा सारे रेशमाच्या नावाने चालते. नगराध्यक्ष नॅथॅनिएल चँटिक्लिअर याच्या विद्वान वडिलांनी तर एका ग्रंथात कायदा आणि परीविद्या यांची तुलनाच मांडली आहे : दोन्ही वास्तवाला हवा तो आकार देतात. विनोद म्हणून आलेले हे विधान पुढे शब्दशः खरे होते. चँटिक्लिअरच्या घरात निषिद्ध फळ सापडते आणि कायदा त्याला मृत ठरवितो. जिवंत माणूस नगरात हिंडतो आहे, पण भाषेने त्याला वजा केले आहे.

निषेधाने शब्द मरत नाही. तो आडमार्गाने वावरतो. लडचे प्रतिष्ठित नागरिक परीचे नाव घेत नाहीत, पण रागाच्या भरात ज्या शपथा वाहतात त्यांत पश्चिमेकडील सोन्याची सफरचंदे येतात. म्हणजे जुना धर्म त्यांच्या जिभेवर सुखेनैव नांदतो आहे. ग्रामीण लोक तर परी आणि मृत यांत भेदच मानीत नाहीत. दोहोंना ते मूक जन म्हणतात. मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आणि रात्री सापाला ‘लांबडे’ म्हणतात. भेद इतकाच की येथे भय लोकांचे आहे, तर लडमध्ये ते राज्यसंस्थेचे आहे.

मिर्लीझबाई या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात जेन हॅरिसन यांच्या विद्यार्थिनी होत्या. ऑलिंपसच्या सुबक देवमंडळाखाली भुताखेतांचे व मृतांचे जुने विधी दडलेले आहेत, हे हॅरिसन यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. लडची रचना त्याच धर्तीची आहे. नगराच्या स्मशानभूमीचे नाव ‘फील्ड्स ऑफ ग्रॅमरी’. ‘ग्रॅमरी’ म्हणजे जादू. हा शब्द, ‘ग्रामर’ आणि ‘ग्लॅमर’ हे तिन्ही मूळचे एकच. व्याकरण, मोहिनी आणि मृत्यू यांना एका पाटीवर आणणाऱ्या लेखिकेला आपण काय करीत आहोत याची पुरेपूर जाणीव होती.

येथे ‘परी’ हा मराठी प्रतिशब्दही तपासून घ्यावा. फारसीतून आलेली आपली परी पंखवती आणि सुंदर असते. इंग्रजी ‘फेअरी’ शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील दैववाचक शब्दात आहे, आणि आरंभी तो व्यक्तीपेक्षा मायेचा व मायाभूमीचा वाचक होता. दोन्ही शब्दांतील ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे. कादंबरीतील अर्थच्छटा आपल्या ‘आसरां’ना अधिक जवळची, अप्सरेपासून निघालेला, पण डोहाच्या काठी भीतभीत उच्चारला जाणारा तो शब्द आहे.

कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नाही. फळ खाल्लेला मुलगा रॅनल्फ, मुलींच्या विद्यालयातून नाचत पळालेल्या कन्यका, वैद्य एंडिमियन लीअरचे कारस्थान आणि जुन्या खुनाचा उलगडा यांची गर्दी होते, आणि ज्या परीराज्यात चँटिक्लिअर मुलाच्या शोधार्थ जातो त्याचे चित्रण अंधुकच राहते. परंतु लेखिका ड्यूकाच्या मोहात पडत नाही, हे तिचे श्रेय. पैजेखातर आपल्या विदूषकाला आत्महत्येस प्रवृत्त करणारा हाच तो रसिक, हे तिने आरंभीच सांगून ठेवले आहे. परीराज्याचे फळ त्याच्या काळात राजा आणि पुरोहित यांनाच मिळे; कायदा निदान सर्वांना सारखा होता. जे टीकाकार या कादंबरीत केवळ कल्पनेचा विजय पाहतात, ते ही बाजू सोडून देतात.

शेवटी बंदी उठते. फळ उघडपणे नगरात येते, साखरेत मुरविले जाते, आणि सुबक डब्यांतून परदेशी निर्यात होऊ लागते. एकेकाळी ज्याला न्यायालयात रेशीम म्हणावे लागे, त्याला आता त्याच्या खऱ्या नावाने हाक मारता येते. पण ती हाक व्यापाऱ्याची आहे.