टर्नटेबलची परीक्षा तंबोऱ्यावर घ्या

माजलगावात आमच्या घरी स्पीकर आणि अँप्लिफायर चांगले आहेत. प्लेअर मात्र मी ऑनलाइन मागवलेला, सुटकेससारखा दिसणारा, स्वस्तातला. गेल्या दिवाळीत त्यावर किशोरी आमोणकरांची एलपी लावली. अण्णा पेटी पुढ्यात घेऊन बसले, षड्ज शोधायला लागले आणि मधेच थांबले. म्हणाले, "बाई एवढ्या चढ्या गातात व्हय? कायतरी गडबड आहे बघ." मी फोनवरच्या ॲपने थाळीचा वेग मोजला. मिनिटाला 33⅓ फेरे हवेत, भरले 34.

अण्णा 74 वर्षांचे आहेत. अगदी बारीक, उंच आवाज त्यांना आता ऐकू येत नाहीत. तरीही हा दोष त्यांनी पकडला, मी नाही. म्हणून यंदा उसाचं बिल आलं की चांगलं टर्नटेबल घ्यायचं ठरलं, आणि मी रिव्ह्यू वाचायला बसलो.

तीन महिने वाचले. माझी तक्रार त्या रिव्ह्यूंबद्दल आहे. ते खोटे नसतात, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी रेकॉर्डसाठी लिहिलेले असतात. साउंडस्टेज किती रुंद, बेस किती घट्ट, ड्रमचा ठोका कसा छातीत बसतो, याची वर्णनं पानंपानं चालतात. माझ्या कपाटातल्या निम्म्या रेकॉर्ड मोनो आहेत. त्यांत डावं-उजवं नाहीच, मग साउंडस्टेज मोजायचं कुठून? ड्रमही नाहीत. आहे तो एक आवाज, तबला, पेटी किंवा सारंगी, आणि मागे सतत चाललेला तंबोरा.

हा तंबोराच खरी परीक्षा घेतो. वेग एक टक्का वाढला की सूर साधारण 17 सेंट चढतो. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं. म्हणजे माझा प्लेअर त्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वर सरकला होता. वेग सारखा कमी-जास्त होत असेल तर आणखी वाईट. धडाधड वाजणाऱ्या गाण्यात ती थरथर लपून जाते, पण तंबोऱ्याच्या अखंड सुरात ती लगेच उघडी पडते. हे कोष्टकातल्या एका आकड्यात उरकून रिव्ह्यूवाला पुढे जातो. आमच्यासाठी सगळा लेख तिथून सुरू व्हायला हवा.

या कसोटीवर मी दोन नावं लावून पाहिली. रेगा प्लॅनर 3 हे पट्ट्यावर चालणारं, जाणकारांचं लाडकं टर्नटेबल. त्याचा टोनआर्म उत्तमच आहे. पण 33 वरून 45 वर जायचं तर थाळी उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो, 78 चा वेग नाही आणि सूर जुळवायला स्लायडर नाही. टेक्निक्स एसएल-1200 पहिल्यांदा 1972 मध्ये आलं, तेही घरी ऐकणाऱ्यांसाठी. पुढे डीजेंनी ते उचललं आणि अनेक हाय-एंडवाले नाक मुरडू लागले. त्याच्या एमके 7 या 2019 च्या मॉडेलमध्ये मोटर थेट थाळी फिरवते, वेग स्वतःच सांभाळते, 78 चा वेग आहे आणि पिच स्लायडरही आहे. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. बालगंधर्वांचं पद पेटीशी जुळवायचं तर डीजेचा म्हणून हिणवलेला तोच स्लायडर लागतो.

दुसरी परीक्षा सुईची. एलपी बाहेरून आत वाजते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर सरकते, आत लेबलजवळ जेमतेम 20. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून आतल्या बाजूला आवाज फाटण्याची शक्यता जास्त. आता ख्याल आठवा. निवांत विलंबित कडेला येतं आणि द्रुत, त्यातल्या झपाट्याच्या ताना, लेबलजवळ. गाणं जिथे चढतं तिथेच रेकॉर्ड सगळ्यांत अडचणीत असते. म्हणून कार्ट्रिजवर खर्च करायचा तर सुईच्या टोकाच्या घडणीवर करावा, आणि ती नीट कोनात बसवून घ्यावी. 78 च्या तबकडीची खाच बरीच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिच्यात खडखडते.

हा हट्ट वाटत असेल तर केसरबाई केरकरांची रेकॉर्ड आठवा. 1977 मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांतून सोनेरी तबकडी गेली, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुई ठेवली. वेष्टनावर खुणांनी सांगितलं की एक फेरा 3.6 सेकंदांत पूर्ण व्हावा. ज्यांना कान आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही, त्यांना आधी कळवलं ते सुई आणि वेगाबद्दल.

महागडी यंत्रं फुकाची असतात असं मला म्हणायचं नाही. चांगल्या बेअरिंगची शांतता खरी असते, आणि माझे कान धड असल्याने मला ती ऐकूही येईल. पण हे घर दोघांचं आहे. ज्या बारकाव्यांसाठी किंमत दुप्पट होते त्यांतले पुष्कळसे अण्णांपर्यंत पोचणार नाहीत. षड्ज पोचतो. तुम्हीही घ्यायला निघाला असाल तर आधी कपाट उघडा, काय आहे ते बघा, मग रिव्ह्यू वाचा.

मी एमके 7 वर आलोय. एलपीसाठी चांगली सुई लगेच घेईन. 78 ची सुई बिल किती येतं त्यावर. प्लेअर आला की पहिली लागेल ती किशोरीताईंचीच एलपी, आणि अण्णा पेटी घेऊन समोर बसलेले असतील.