कोणत्या ढिगात?

बंगळुरात मल्लेश्वरम भागात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना बदलीचा हुकूम आला, आणि पुस्तकांच्या पेट्या भरण्यास आम्ही हातभार लावावयास गेलो. स्त्रियांच्या आणि संसाराच्या पुस्तकांचे त्यांनी दोन ढीग केले होते. एक सोसण्याचा, दुसरा हसण्याचा. पहिल्यात बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', दुसऱ्यात चिं. वि. जोशी यांचा चिमणराव. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाती घेताच मात्र ते थबकले. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ते वरच राहू द्या, मला गाडीत वाचायचे आहे." या उत्तरात आम्हांस उत्तम टीका आढळली.

चिमणराव मुख्यतः स्वतःलाच हसतो, हा त्याचा मोठेपणा होय. तरीही काऊला काय वाटले, हे आपणांस कळते ते नवऱ्याच्याच तोंडून. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ही व्यवस्था उलटते. १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत जिच्यावर प्रसंग गुदरले तीच ते सांगते, आणि हसावे कोठे हेही तीच ठरविते. मीठसुद्धा धुऊन घ्यावयास लावणारे वडिलांचे सोवळे त्या ज्या खेळकरपणे वर्णितात, त्यामुळे त्या घरातील बायकांचे श्रम झाकले जात नाहीत. उलट ते अधिकच डोळ्यांत भरतात. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला, तो मात्र जातिभेदाविषयी स्वतःच्या मनाशी झगडून. एवढ्या उलथापालथीचे कथन करतानाही त्यांचा आवाज चढत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पतीच्या लहरीपणाला हसून त्याला इतक्या सहज सोडून द्यावे काय? हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य नाही. काही ठिकाणी विनोद न्यायाच्या आड येतो. परंतु टिळकांच्या औदार्याची किंमत घरात कोण मोजीत होते, हे त्या एकदाही लपवीत नाहीत. क्षमा त्यांनी केली असेल, पण हिशेब मात्र खोडलेला नाही.

म्हणून हसू हीच स्त्रीलेखनाची कसोटी मानावी, असे मात्र नव्हे. तसे मानल्यास १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'जिणं आमुचं'वर अन्याय होईल. बेबीताईंनी आपले लिखाण कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. त्यांच्या पुस्तकातही आषाढातील उत्साह आहे, माणसांची गंमत आहे. पण वस्तीतील सुनांच्या सासुरवासाकडे वळताच त्या वाचकाला हसण्याची सवलत देत नाहीत. जातीने केलेला छळ आणि घराने केलेला छळ त्या एकाच धीटपणाने मांडतात. लक्ष्मीबाईंचे हसणे आणि बेबीताईंचे न हसणे, दोन्ही त्यांनी स्वतः निवडलेले आहे. आमच्या मते या पुस्तकांचे मोल या निवडीत आहे; दुःखाच्या मापात किंवा विनोदाच्या प्रमाणात नाही.

आपणां परमुलखी नोकरी करणाऱ्यांना हे विशेष जाणवावे. बदलीचा हुकूम एकाच्या नावे येतो, बिऱ्हाड मात्र बहुधा दुसरीच हलविते. नवी भाजीवाली, नवी भाषा, मुलांची नवी शाळा यांतून ती वाट काढते. आणि आपण चार मंडळींत त्याचे मजेदार किस्से सांगतो. ते किस्से तिच्या तोंडून ऐकले, तर ते तितकेच मजेदार राहतील काय? राहतीलही, पण हसण्याच्या जागा बदलतील.

स्नेह्यांचे दोन्ही ढीग अखेर पेट्यांत गेले. 'स्मृतिचित्रे' मात्र डब्याच्या पिशवीत, चटणीच्या बरणीशेजारी ठेवली गेली. आमच्या समजुतीप्रमाणे लक्ष्मीबाईंना ती जागा आवडली असती.