संस्कार, समूह आणि नित्याची कृपा : खानदेशाच्या संदर्भात मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार

कॅथलिक धर्मसभेने ज्या सात विधींना कृपेची दृश्य चिन्हे मानले, त्यांना मराठीत ‘संस्कार’ म्हणण्याची रीत आहे. सातांची ही संख्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये निश्चित केली. मराठी शब्द सुंदर आहे, परंतु तो आपल्याबरोबर षोडशसंस्कारांची कल्पना घेऊन येतो. जातकर्म, उपनयन, विवाह हे आयुष्याच्या एकेका वळणावर एकदा घडणारे विधी होत. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा यांना हा अर्थ चपखल बसतो, कारण तेही एकदाच होतात. पवित्र मिस्सा आणि प्रायश्चित्त यांना मात्र तो बसत नाही. हे दोन विधी पुनःपुन्हा घ्यावयाचे असतात. त्यांचे बळ समारंभात नसून आवर्तनात आहे. ‘संस्कार’ या शब्दाने कृपेचे प्रासंगिक रूप उजळले आणि नित्याचे रूप झाकले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभी ही अडचण तितकीशी जाणवत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीतील नवख्रिस्ती लोक रविवारी व सणांच्या दिवशी देवळात एकत्र ऐकत. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धाडस त्यात आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे की, पुराणश्रवणाची ओळखीची सवय स्टीफन्स यांनी मोडली नाही. ऐकणाऱ्यांचा समूह आधीपासून होता, त्याला नवी कथा मिळाली. मराठी ख्रिस्ती परंपरेत समूह हा ग्रंथाच्या बरोबरीने आला आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) उपासना लोकभाषेत आली. पुढे 1990 मध्ये बांडुंग येथे आशियाई बिशपांच्या महासंघाने धर्मसभेकडे ‘समुदायांचा समुदाय’ म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. लहान ख्रिस्ती समूहांना त्यामुळे वैचारिक बळ मिळाले. शेजारची काही कुटुंबे कोणा एकाच्या घरी जमतात. प्रभूला आमंत्रण, शुभवर्तमानाचे वाचन, मनाला भिडलेल्या एखाद्या शब्दाचा पुनरुच्चार, मौन, अनुभवाची देवाणघेवाण, एखाद्या कामाचा निश्चय आणि उत्स्फूर्त प्रार्थना, अशी दक्षिण आफ्रिकेत आकाराला आलेली सात पायऱ्यांची पद्धत भारतातही वापरली जाते. येथे व्यासपीठ नाही, प्रवचन नाही. आजाऱ्याकडे कोणी जायचे, हे मात्र ठरते आणि तेथेच मिस्सा घरापर्यंत पोचते.

जळगाव आणि धुळे हे जिल्हे 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. प्रदेश विस्तीर्ण, ख्रिस्ती वस्ती विरळ. अशा ठिकाणी लहान समूह ही चैन नसून गरज ठरते. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. उपासनेची मराठी ग्रांथिक आहे. घरातली बोली अहिराणी, लेवा गणबोली वा भिल्ली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांचे ‘सुबोध बायबल’ हे या अंतराचे भान असलेले मोठे काम होय. त्यास 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तरीही ‘सुबोध’ म्हणजे प्रमाण मराठीच्या वाचकाला सुबोध, ही त्याची मर्यादा राहतेच. सात पायऱ्यांपैकी पुनरुच्चार ग्रंथाच्या भाषेत होतो. अनुभव सांगताना माणूस आपसूक घरच्या बोलीत शिरतो. तेथे कोणी ‘शुद्ध बोला’ म्हणाले, तर समूह आटोपलाच!

घरची बोली एवढा भार पेलू शकेल काय, ही शंका खानदेशात तरी कोणी घेऊ नये. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) निरक्षर होत्या. जाते, चूल, पेरणी यांतून त्यांनी जे तत्त्वचिंतन उभे केले, ते ग्रांथिक मराठीतल्या पुष्कळ भक्तिकाव्याला साधलेले नाही. मराठी ख्रिस्ती कवितेला खानदेशात अशी बहिणाबाई लाभली नाही, हे तिचे उणेपण म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न उंबरठ्याचा आहे. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी हा हिंदू तरुण घरचाच होऊन राहिला. टिळक प्रोटेस्टंट, कॅथलिक संस्कारविचार त्यांचा नव्हे. पण 1934 पासून भागाभागांनी प्रकाशित झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी या तरुणाचे लहरी वागणे ज्या हसऱ्या मायेने टिपले आहे, त्यात नित्याच्या कृपेचा मराठीतील सर्वांत विश्वसनीय पुरावा सापडतो. जातिभेद माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंच्या मनाने बाप्तिस्म्याच्या आधीच घेतले होते, हा तपशीलही येथे अर्थपूर्ण आहे. विधी नंतर आला, उंबरठा आधी ओलांडला गेला.

टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसविण्यासाठी. कॅथलिक समूहाला तेथवर जाता येत नाही; त्याची नाळ मिस्सेच्या वेदीशी जुळलेली असते, आणि ती तोडल्यास तो केवळ स्नेहमंडळ उरेल. ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. परंतु वेदीचा नियम हा ओसरीचा नियम नव्हे. खानदेशातील घरात वाचन चालू असताना शेजारची बाई दाराशी येऊन टेकली, तर तिला आत बोलावण्यास कोणताही धर्मनियम आड येत नाही. ती आत येते की दारातच थांबते, हे बऱ्याच अंशी आतले लोक कोणत्या बोलीत बोलत आहेत यावर अवलंबून असते.