व्याज किती ते विचारलं, कर्ज कुणाला ते राहून गेलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



सुरुवात क्रिकेटपासून करतो. २७ नोव्हेंबर २०२०. सिडनीला भारत आणि ऑस्ट्रेलियाचा एकदिवसीय सामना. कोविडनंतर आपल्या संघाचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, त्यामुळे सगळे सकाळपासून टीव्हीसमोर बसलेले. काही षटकं झाली आणि दोन माणसं मैदानात घुसली. एकाच्या हातात फलक होता. मजकूर असा, की स्टेट बँकेने अदानींना एक अब्ज डॉलरचं कर्ज देऊ नये. क्वीन्सलँडमधल्या कारमायकल कोळसा खाणीसाठी असं कर्ज देण्याचा विचार चालू आहे, अशा बातम्या तेव्हा येत होत्या.

ती खाण असावी की नसावी, यात मी आज शिरत नाही. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. स्टेट बँकेत पैसा कुणाचा आहे? तुमचा, माझा, आपल्या आईच्या पेन्शनचा. त्या पैशाचं काय होणार हा प्रश्न विचारायला मैदानात धावले कोण, तर सिडनीचे दोन लोक. आणि आपण घरी बसून काय म्हणालो? "अरे, सुरक्षारक्षक काय करतायत?"

मी स्वतःलाही यातून वगळत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी मी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेव ठेवायला गेलो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. ठरवून गेलो होतो, म्हणून विचारलं, "तुम्ही कर्जं कुणाकुणाला देता?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, कर्ज हवंय का तुम्हाला?" म्हटलं, नको. "मग कशाला विचारताय?" (हशा)

हसू येतं खरं, पण त्याचं चुकलं नव्हतं. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. आपण विचारतो ते व्याज किती, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त मिळेल का, मुदतीआधी मोडली तर किती कापणार.

आता 'नैतिक बँकिंग' या कल्पनेकडे वळू. तिचं म्हणणं थोडक्यात असं. ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. बँक ते पुढे दुसऱ्याला देते. त्या पैशातून शाळा उभी राहिली किंवा नदी नासली, तर त्यात आपलाही वाटा आहे. युरोपात या विचारावर बँका उभ्या राहिल्या. जर्मनीत बोखुम शहरात १९७४ साली जीएलएस बँक, नेदरलँड्समध्ये १९८० साली ट्रिओडोस, इटलीत पादोव्हा इथे १९९९ साली बांका एटिका. ट्रिओडोस कोणत्या संस्थांना आणि प्रकल्पांना कर्ज दिलंय त्यांची यादी जाहीर करते. जीएलएसमध्ये ठेवीदार सांगू शकतो, की माझा पैसा शेतीकडे जावा किंवा घरांकडे जावा.

यातली चांगली गोष्ट निर्विवाद आहे. माहिती उघड ठेवूनही बँक चालते, हे या लोकांनी दाखवलं. 'कर्जदाराची गोपनीयता' म्हणून जे सगळं झाकलं जातं, त्यातलं बरंच झाकायची गरज नसते.

पण माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला असा, की ही कल्पना सगळा भार एकट्या ठेवीदाराच्या विवेकावर टाकते. तू चांगला असशील तर चांगली बँक निवड, म्हणते. ज्या गावात एक जिल्हा बँकेची शाखा आणि दोन पतसंस्था आहेत, तिथल्या माणसाने काय निवडायचं? त्याची निवड एसटीच्या वेळापत्रकावर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. हेतू चांगला असला म्हणजे बचत करणाऱ्याच्या हाती अधिकार येतोच असं नाही. ट्रिओडोसचंच उदाहरण घ्या. त्यांच्या भागभांडवलाची प्रमाणपत्रं हजारो सामान्य लोकांनी मोठ्या विश्वासाने घेतली होती. २०२० मध्ये त्यांची खरेदी-विक्री थांबली. मधे थोडा काळ चालू होऊन ती पुन्हा बंद झाली. २०२३ मध्ये बाहेरच्या व्यवहारमंचावर ती आली तेव्हा भाव जुन्या किमतीच्या खूप खाली होता. बँक बुडाली नाही, ठेवी सुरक्षित राहिल्या, कुणी चोरीही केली नाही. तरीही आपला पैसा कशात अडकू शकतो, हे अनेकांना अडकल्यावरच कळलं. सौर ऊर्जेच्या प्रकल्पांची यादी त्यांनी वाचली होती. स्वतःच्या कागदावरच्या अटी मात्र तितक्या लक्ष देऊन वाचल्या नव्हत्या.

आता आपल्याकडे या. आपण हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे प्राधान्य क्षेत्राचा नियम आला. आज व्यापारी बँकांना साधारण ४० टक्के कर्जं शेती, लघुउद्योग, छोटी घरं, शिक्षण अशा क्षेत्रांना द्यावी लागतात. म्हणजे तुमच्या ठेवीबद्दलचा एक नैतिक निर्णय सरकारने तुमच्या वतीने घेऊन टाकला. त्यातून खूप काही घडलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या तालुक्यांत सावकाराशिवाय कुणी नव्हतं, तिथे शाखा आल्या.

पण निर्णय दुसऱ्यावर सोपवला की आपली त्याच्यावरची नजर हटते. २०१६ पासून प्राधान्य क्षेत्र कर्जाची प्रमाणपत्रं बँका एकमेकींकडून विकत घेऊ शकतात. ज्या बँकेचं उद्दिष्ट भरलं नाही, ती दुसऱ्या बँकेला पैसे देऊन कागदावर ते भरून काढते. ज्या बँकेला गावात कर्ज देणं खरोखर जमतं तिला यातून उत्पन्न मिळतं, हा या सोयीमागचा युक्तिवाद, आणि तो अगदीच पोकळ नाही. तरी तुमची बँक तुमच्या ठेवीतून शेतकऱ्याला काही देते का, या प्रश्नाचं उत्तर आता '४० टक्के' या आकड्यात सापडत नाही.

आणि सहकार? महाराष्ट्राला वाटतं, सहकारात तरी पैसा आपल्या माणसांत आहे. इथे मला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेबद्दल बोलावंच लागेल. १९८४ साली मुंबईत शीवला सुरू झालेली ही बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि लोकांना सांगण्यात आलं, सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण ते पहिले दिवस मुंबईत ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. टॅक्सीवाले, निवृत्त लोक, गृहनिर्माण सोसायट्या, सगळे शाखांसमोर उभे.

बाहेर काय आलं? बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे गेली होती, आणि ते लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेल्याचं तक्रारीत नोंदवलं गेलं. २०२२ च्या जानेवारीत बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या रकमांच्या ठेवीदारांना उरलेला पैसा मिळायला दहा वर्षांपर्यंतची मुदत लावली गेली.

या घटनेनंतर चर्चा झाली ती ठेव विम्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला, हे चांगलंच झालं. मात्र पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, हे आजही कितीतरी जणांना माहीत नसतं. मला म्हणायचंय ते असं, की 'माझा पैसा सुरक्षित आहे का' आणि 'माझा पैसा कशासाठी वापरला जातोय' हे आपण दोन प्रश्न समजतो. पहिला व्यवहाराचा, दुसरा सज्जनांचा. या बँकेच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच होतं: एका बिल्डरकडे.

तुम्ही म्हणाल, हिशेबच खोटे होते, मग ठेवीदाराने विचारून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. लेखापरीक्षकांना आणि रिझर्व्ह बँकेला जे वेळेत दिसलं नाही, ते रिक्षावाल्याला दिसायला हवं होतं असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. म्हणून मी ठेवीदाराला दोष देत नाही. मी रचनेकडे बोट दाखवतोय.

नागरी सहकारी बँकेत कर्ज घ्यायचं तर सभासद व्हावं लागतं, बऱ्याचदा कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात. ठेव ठेवायला मात्र सभासद व्हावं लागत नाही. म्हणजे बँक चालते ठेवीदारांच्या पैशावर, आणि संचालक निवडतात मुख्यतः कर्जदार. एक सभासद एक मत हे तत्त्व सुंदर आहे, पण ज्याचा पैसा आहे तो मतदार यादीतच नाही. २०११ मध्ये मालेगाम समितीने संचालक मंडळाच्या जोडीला व्यवस्थापन मंडळ नेमायला सुचवलं. मोठ्या नागरी बँकांसाठी ते बंधनकारक झालं डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे रांगा लागून गेल्यावर. तेही तज्ज्ञांचं मंडळ. ठेवीदाराला मत मिळालेलं नाही ते नाहीच.

याच्या उलट चित्रही आपल्या जवळच आहे. अहमदाबादला १९७४ साली सेवा बँक उभी राहिली ती चार हजार बायकांच्या दहा-दहा रुपयांच्या भागांवर. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला ताडपत्री घ्यायची होती, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि कुठलीही बँक तिचं खातं उघडेना. चेतना सिन्हा सांगतात, पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो. या बँकांमध्ये ठेवीदार, कर्जदार आणि मालक बहुतेक वेळा एकच बाई असते. पैसा कुठे जातो हे विचारायला तिला यादी लागत नाही, शेजारणीकडे पाहिलं तरी पुरतं. मोठ्या शहरात हे जमणार नाही, म्हणून तिथे कागद लागतो.

तेव्हा उद्या काय करायचं? बँकेचा वार्षिक अहवाल मागा. त्यात शेवटी बारीक अक्षरात हिशेबाच्या टिपा असतात. सर्वांत मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे आणि कोणत्या क्षेत्राला किती कर्ज दिलंय, हे त्यात पाहा. आकडा दिला नसेल तर का नाही, ते लेखी विचारा. सहकारी बँकेत ठेव असेल आणि पोटनियमांत बसत असेल तर भाग घेऊन सभासद व्हा, आणि वार्षिक सभेला जा. अल्पोपाहार सुरू व्हायच्या आधी जा. (हशा) एकट्याने विचारलं तर टाळतील. सोसायटीतल्या दहा जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षी उत्तर तयार ठेवतील.

यामुळे बँका नैतिक होतील असा माझा दावा नाही. पण काउंटरवरच्या त्या मुलाला हा प्रश्न महिन्यातून चार वेळा ऐकू आला, तर निदान तो आत जाऊन साहेबांना विचारेल, "कर्जं कुणाला देतो आपण?" सध्या साहेबांना हे विचारणारं कुणीच नाही.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर घेऊ.