निजामी सत्तेचे आधार

माहूरच्या गडावरून पैनगंगेकडे दृष्टि टाकली म्हणजे आम्हांस नेहमीं एक प्रश्न पडतो. नदीपलीकडील वऱ्हाडांत १९३७ सालीं मतांनीं निवडलेलें मंत्रिमंडळ आलें. अलीकडे, हैदराबाद संस्थानांत, साधी सभा भरवावयाची तरी सरकारची परवानगी लागे. भाषा एक, रेणुकामाता एक; मग हें अंतर इतकीं वर्षें टिकलें कसें?

मुक्तिसंग्रामावरील आमच्या बहुतेक लेखकांचें उत्तर ठरलेलें आहे: जुलूम, आणि अखेरीस रझाकार. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. रझाकारांचा धुमाकूळ शेवटच्या थोड्या काळांतला. मीर उस्मान अली खान तर १९११ पासून गादीवर होते. केवळ दंडुक्याच्या जोरावर सदतीस वर्षें राज्य चालत नाहीं. १७९८ च्या तैनाती फौजेच्या करारापासून इंग्रजांचें बळ त्या घराण्याच्या पाठीशीं होतें, हें एक. पण आंतले आधार कोणते? जहागिरी आणि मनसबी, देशमुख-देशपांड्यांचीं वतनें, देवस्थानांचीं इनामें, उर्दू शिकलेल्यास मिळणारी नोकरी. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. त्याचें माध्यम उर्दू. देशी भाषेंतून उच्च शिक्षण ही गोष्ट कौतुकाची खरी. परंतु बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कानडी होती, याचा कौतुक करणारांस विसर पडला.

आतां लेखकांस आमचा प्रश्न असा कीं, ही कृपा घेणारांचें काय? त्यांत आमचेच आजेपणजे होते. आठवणींच्या पुस्तकांत तुरुंग येतो, सीमेवरची छावणी येते. वाड्यांत जपून ठेविलेली सनद मात्र क्वचितच येते. स्वामी रामानंद तीर्थांचा त्याग किती मोठा, हें त्या सनदेशेजारीं ठेवून पाहिल्याशिवाय नीट कळावयाचें नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामांची सत्ता संपली. तरी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचे राजप्रमुख तेच होते. राज्य गेलें, पण मान राहिला. आजही जगांत निवडणुकीचें सोंग घेऊन चालणाऱ्या एकतंत्री राजवटींची युक्ति हीच आहे: थोड्यांस भय, पुष्कळांस सोय.

घरांतली सनद बाहेर काढून वाचणारा लेखक आम्हांस हवा आहे. पूर्वजांस दूषण देण्याची आमची इच्छा नाहीं. उद्यां कोणी तीच सोय आमच्यापुढें धरली तर ती ओळखतां यावी, इतकाच हेतु.