वाकडे अंगण : मुंबई उपनगरीय स्थानकांतील फलाट व गाडी यांमधील पोकळीची चिकित्सा

प्रस्तावना

मुंबईच्या लोकल गाडीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. कथा, कविता, ललित लेख आणि वृत्तपत्रीय सदरे यांतून लोकलची गर्दी ही महानगरीय जीवनाची जणू अधिकृत प्रतिमाच बनून गेली. स्थानक मात्र या लेखनात बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच येते. स्थानक ही माणसाने मापे घेऊन बांधलेली वस्तू आहे, त्या मापांमागे काही निर्णय आहेत आणि त्या निर्णयांची चिकित्सा करता येते, ही दृष्टी आपल्याकडे क्वचितच आढळते. मानव्यविद्यांचे अभ्यासक हा विषय अभियंत्यांचा म्हणून सोडून देतात, तर अभियांत्रिकी लेखनात प्रवासी हा ताशी संख्येच्या रूपाने अवतरतो. प्रस्तुत लेखात फलाट आणि गाडी यांमधील पोकळी या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी घाटकोपर हे स्थानक केंद्रस्थानी घेतले असून वळणावरील स्थानकांचा प्रश्न त्याच्या अनुषंगाने तपासला आहे.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडीत चढू पाहणारी एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी फलाट आणि डबा यांच्यामधून खाली गेली. तिला दोन्ही हात गमवावे लागले. या घटनेनंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला, मुंबई उच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली आणि पुढील काही वर्षांत उपनगरीय फलाट टप्प्याटप्प्याने उंच करण्यात आले. त्याच वर्षी ८ जून रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोचा ११.४ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू झाला. जून २००६ मध्ये भूमिपूजन झालेल्या या मार्गाला पूर्ण होण्यास आठ वर्षे लागली, हा विलंबाचा स्वतंत्र अध्याय आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. मेट्रोच्या फलाटावरून डब्यात जाताना पाऊल जवळजवळ समतल पडते. त्याच घाटकोपरला जिना उतरून लोकलच्या फलाटावर आले की प्रवाशाला पाय उचलून, दांडा धरून वर चढावे लागते. एकाच नावाच्या दोन स्थानकांत प्रवाशाच्या शरीराविषयीच्या दोन भिन्न कल्पना एकमेकींच्या डोक्यावर उभ्या आहेत.

उंचीचा प्रश्न

भारतीय रेल्वेच्या मापांच्या अनुसूचीप्रमाणे ब्रॉडगेज मार्गावरील उंच फलाटाची उंची रुळाच्या पातळीपासून ७६० ते ८४० मिलिमीटर असावी लागते. उपनगरीय गाड्यांसाठी ती ९२० मिलिमीटरपर्यंत नेण्यास मुभा आहे. लोकलच्या डब्याची जमीन मात्र याहून बरीच वर असते. जुन्या फलाटांवर ही तफावत साधारण एका फुटाची, काही ठिकाणी त्याहून अधिक होती. घरातील जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते हे ध्यानात घेतले, तर गर्दीच्या वेळी, अर्ध्या मिनिटाहूनही कमी थांबणाऱ्या गाडीत, मागून रेटा असताना प्रवाशाने दोन पायऱ्या एकदम चढाव्यात अशी अपेक्षा या रचनेत गृहीत धरलेली होती असे म्हणावे लागते. ही अपेक्षा पुरी करू शकणारे शरीर तरुण, धडधाकट आणि मोकळ्या हातांचे असते. साडी नेसलेली स्त्री, कडेवर मूल असलेली आई, गुडघेदुखीने बेजार झालेले निवृत्त गृहस्थ, टोपली घेतलेली कोळीण, चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती ही सारी या मापात अपवाद ठरतात. प्रत्यक्षात कोणत्याही फलाटावर पाच मिनिटे उभे राहिले तरी हे अपवादच बहुसंख्य असल्याचे दिसून येते.

फलाट उंच करण्यास इतका काळ का लागला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वस्वी अनास्था हे नाही. फलाटाची पातळी वाढविली की जिन्याची शेवटची पायरी बुडते, छपराची उंची कमी पडते, उपाहारगृहाची चौकट खाली जाते आणि पावसाच्या पाण्याचा उतार बदलतो. हे सारे काम रात्री शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली गाडी येण्यापूर्वीच्या मोजक्या तासांत करावे लागते. तथापि अनास्थेहूनही अधिक बोधप्रद असे आणखी एक कारण आहे. फलाटाची उंची रुळापासून मोजतात आणि रूळ स्वतः स्थिर नसतो. रुळाखालील खडी चाळून, ठोकून पुन्हा भरताना रूळ दरवेळी थोडा वर उचलला जातो. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भागांत रूळ मुद्दाम उंच करण्याचाही उपाय योजला जातो. परिणामी कोणीही फलाटाला हात न लावता फलाट बुटका होत जातो. रुळाची देखभाल आणि फलाटाची देखभाल ही दोन स्वतंत्र कामे मानली गेल्याने, दोन्ही कामे चोख होऊनही त्यांच्यामधील अंतर वाढू शकते. पोकळी ही अनेकदा दोन खात्यांच्या कामांमधील पोकळी असते, ती अशी.

याला जोड मिळते ती एकाच रुळावर अनेक प्रकारच्या गाड्या चालविण्याची. लोकलचा डबा ३,६५८ मिलिमीटर रुंद, तर लांब पल्ल्याच्या गाडीचा पारंपरिक डबा ३,२४५ मिलिमीटर. अंधेरी, बोरिवली, दादर, ठाणे, कल्याण येथे दोन्ही प्रकारच्या गाड्या थांबतात. ज्या फलाटाशी दोन्ही लागतात त्याची कड दोघींना पुरेल अशी, म्हणजे दोघींनाही नीट न बसणारी ठेवावी लागते. मेट्रोला हे ओझे नाही; तिच्या मार्गावर दुसरी गाडी येतच नाही. म्हणून मेट्रोशी केलेली तुलना उपनगरीय रेल्वेवर काहीशी अन्याय करणारी आहे, हेही मान्य केले पाहिजे.

वळणाची भूमिती

सरळ फलाटाची ही कथा, तर वळणावरील फलाटाची त्याहून बिकट. डबा हा ताठ असतो, तो रुळाबरोबर वाकत नाही. लोकलचा डबा सुमारे २०.७ मीटर लांब असून त्याच्या दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधील अंतर सुमारे १४.६ मीटर आहे. वळणावर दोन्ही बोगी रुळाच्या मध्यरेषेवर असतात, डब्याचा मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूस सरकतो आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूस फेकली जातात. ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावर हिशेब केला, तर मध्यभाग सुमारे ६७ मिलिमीटर आत येतो आणि टोकेही तितकीच बाहेर जातात. हे दोन आकडे सारखे यावेत अशाच बेताने बोगींची जागा ठरविलेली असते.

आता वळणाच्या बाहेरच्या बाजूस फलाट आहे असे समजू. डब्याची टोके घासू नयेत म्हणून फलाटाची कड ६७ मिलिमीटर मागे घ्यावी लागते. मधला भाग मात्र ६७ मिलिमीटर दूर गेलेला असतो. म्हणजे डब्याच्या मध्याजवळच्या दरवाजासमोर सरळ फलाटापेक्षा १३४ मिलिमीटर, पाच इंचांहून अधिक, जादा अंतर पडते. फलाट आतल्या बाजूस असेल तर हेच टोकांकडील दरवाजांसमोर घडते. याशिवाय वेगासाठी वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात, त्याला कॅन्ट म्हणतात. दोन रुळांच्या मध्यांतील अंतर सुमारे १,७५० मिलिमीटर असल्याने ७० मिलिमीटर कॅन्टवर गाडी पंचवीसास एक या प्रमाणात कलते, म्हणजे रुळापासून एक मीटर उंचीवर सुमारे ४० मिलिमीटर आत झुकते. बाहेरच्या फलाटावरील प्रवाशापासून गाडी तेवढी आणखी दूर जाते आणि तिची कड वर उचललीही जाते.

या हिशेबाचा मथितार्थ असा की, वळणावरच्या फलाटावर पोकळीचे एकच एक माप नसते. एकाच गाडीच्या एका दरवाजापाशी ती नगण्य असते, तर त्याच डब्याच्या दुसऱ्या दरवाजापाशी धोकादायक. प्रवासी मात्र सवयीने चढतो. रोजच्या जागी उभे राहणाऱ्याच्या पायाला ते अंतर पाठ असते. गर्दीमुळे दोन दरवाजे पुढे ढकलल्या गेलेल्याला नसते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण कामचुकारासाठी वापरतो. येथे अंगण खरोखरच वाकडे आहे आणि तरीही दोष नाचणाऱ्याच्याच माथी मारला जातो.

वळण वेळही खाते. लोकलचा गार्ड (२०२२ पासून त्याचे पदनाम ट्रेन मॅनेजर असे झाले) गाडीच्या शेवटी उभा राहून पुढचा फलाट पाहतो आणि घंटा देतो. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब असते. वक्र फलाटावर तिचे पुढचे डबे त्याच्या दृष्टीआड जातात. शिवाय फलाट वाढवायचा म्हटले तर वळणावर तो सहज वाढत नाही. हार्बर मार्गावर पहिली बारा डब्यांची गाडी एप्रिल २०१६ मध्ये धावली; मुख्य मार्गावर अशा गाड्या त्यापूर्वी कितीतरी वर्षे धावत होत्या. त्यासाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हार्बर फलाटांपाशी रुळांची आखणीच बदलावी लागली. पश्चिम रेल्वेवर अंधेरी ते विरार धीम्या मार्गावर पंधरा डब्यांच्या गाड्या जून २०२१ मध्ये आल्या. या साऱ्या विलंबात भूमितीचा वाटा किती आणि पैशांचा किती, हे वेगळे काढणे कठीण असले तरी भूमितीचा वाटा नाकारता येत नाही.

या संदर्भात न्यूयॉर्कच्या साउथ फेरी या भुयारी स्थानकाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९०५ मध्ये सुरू झालेले हे स्थानक इतक्या तीव्र वळणावर होते की दहा डब्यांच्या गाडीचे पहिले पाच डबेच फलाटाला लागत. गाडी थांबल्यावर फलाटातून यांत्रिक पट्ट्या सरकून पोकळी भरत. त्या मागे गेल्याशिवाय गाडी सुटू शकत नसे. प्रत्येक गाडीचा वेळ त्यात जाई. अखेर मार्च २००९ मध्ये सरळ फलाटांचे नवे स्थानक उघडण्यात आले. ते ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅन्डी वादळात पाण्याखाली गेले आणि एप्रिल २०१३ मध्ये टाकून दिलेले वाकडे स्थानकच पुन्हा सुरू करावे लागले. नवे स्थानक २०१७ मध्ये परत उघडले. जुन्या दोषाने नव्या रचनेची लाज राखली, असा हा विलक्षण प्रकार. मुंबईत सरकत्या पट्ट्यांचा उपाय चालणार नाही, कारण तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांना तेवढी उसंत नाही. परंतु न्यूयॉर्कच्या यंत्रणेने पोकळी ही आपली जबाबदारी मानली आणि त्यासाठी गाडीचा वेळ खर्ची घातला, हा फरक महत्त्वाचा आहे.

दोष कोणाचा?

आपल्याकडे पोकळीची जबाबदारी वाहते ती उद्घोषणा. पायदान आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्यावे, अशी विनंती तीन भाषांतून अखंड चालू असते. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस वक्र फलाटांसाठी अशा ध्वनिमुद्रित इशाऱ्याची सुरुवात झाली, त्याचेच हे वंशज. या वाक्याची व्याकरणिक रचना पाहण्याजोगी आहे. त्यातील अंतराला कर्ता नाही. ते कोणी ठेवले, किती ठेवले, याचा उल्लेख नाही. ते डोंगर-नदीसारखे आधीपासून आहेच. क्रिया करावयाची आहे ती एकट्या प्रवाशाने, आणि म्हणून अपघात झाला तर चूकही त्याचीच. पहिल्या तासिकेला धापा टाकत येणाऱ्या विद्यार्थ्याला आपणही ‘आधीची गाडी पकडायला हवी होती’ असे सांगतो, तेव्हा त्याच व्याकरणात बोलत असतो.

कायद्याचे व्याकरण मात्र निराळे आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला रेल्वेचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळते. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि नैसर्गिक कारण एवढेच अपवाद आहेत. गाडीत चढताना पडणेही या तरतुदीत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात स्पष्ट केले आणि २०१८ च्या रीना देवी प्रकरणात, प्रवाशाचा निष्काळजीपणा हा रेल्वेचा बचाव होऊ शकत नाही, असे सांगितले. मृत्यूसाठीची भरपाई जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये झाली. असे असूनही हा कायदा पोकळी भरत नाही, तिची किंमत तेवढी ठरवितो. दोष न तपासता भरपाई देण्याची पद्धत पीडितासाठी न्याय्यच आहे. पण त्यामुळे फलाटाच्या मापाची चौकशी करण्याची गरजही उरत नाही, ही तिची दुसरी बाजू आहे.

मुंब्रा येथील घटना या दृष्टीने विचारात घ्यावी लागते. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दरवाजांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. पहिले स्पष्टीकरण आले ते प्रवासी व त्यांच्या पाठीवरील पिशव्या एकमेकांना घासल्याचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांविरुद्ध गुन्हा नोंदविला आणि त्याच्या निषेधार्थ कर्मचाऱ्यांनी केलेल्या आंदोलनाने ऐन संध्याकाळी लोकल खोळंबल्या. दोष आधी प्रवाशाचा, मग अभियंत्याचा. दोन्ही वेळा तो व्यक्तीचाच ठरला. वळण, दोन मार्गांमधील अंतर, कॅन्ट, उघडे दरवाजे आणि दाराबाहेर लटकण्यावाचून पर्याय न ठेवणारी गर्दी यांचे एकत्रित गणित कोणत्याही एका आरोपपत्रात मावणारे नाही.

अपघातानंतर वातानुकूलन नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. ती स्वागतार्ह असली, तरी बंद दरवाजा धावत्या गाडीतून पडणाऱ्याला वाचवितो. थांबलेल्या गाडीत चढणाऱ्याच्या पायाखालचे अंतर त्याने तसूभरही कमी होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये वाहतूक व्यवस्था सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. त्याच्या कसोटीवर ९२० मिलिमीटरचा फलाटही अपुराच ठरतो, कारण चाकाच्या खुर्चीला चार इंचही ओलांडता येत नाहीत.

रेल्वेकडे प्रत्येक पुलाची, प्रत्येक वळणाची नोंदवही असते. तशीच प्रत्येक फलाटाची असावी. गाडी जेथे थांबते त्या जागी, दरवाजागणिक, उभे व आडवे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ते दरवर्षी, आणि रूळ उचलला गेल्यास त्याच आठवड्यात, स्थानकाच्या दर्शनी भागात लावले जावे. हे काम एका स्थानकासाठी दोन-तीन रात्रींचे आहे. आपल्या महाविद्यालयांतील भूगोल व सांख्यिकी विभागांनी रेल्वेची रीतसर परवानगी घेऊन घाटकोपर आणि मुलुंड या दोन स्थानकांपासून त्याची सुरुवात करावी, असे सुचवावेसे वाटते.